कंधार–उदगीरचे महाल आणि त्यांचे वारसदार

मन्याड, मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या मुलुखात, म्हणजे आजच्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, कंधार, उदगीर आणि औसा असे तीन भुईकोट किल्ले आहेत व त्या तिहींच्या पोटात, पडके का होईना, राजवाडे आहेत, ही गोष्ट आमच्या भागातील शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. परंतु हे राजवाडे कोणाचे, ते राखावयाचे तर कोणत्या स्वरूपात, आणि परमुलुखातील प्रवाशाने वाट वाकडी करून ते पाहावयास का यावे, या तीन प्रश्नांचा एकत्र विचार झालेला क्वचितच आढळतो. किल्ला म्हणताच मराठी मन सह्याद्रीच्या कड्याकपारींकडे धाव घेते आणि राजवाडा म्हणताच त्याला कोल्हापूर, सातारा किंवा बडोदे आठवते. सपाट रानात खंदक खणून बसविलेला कोट आणि त्या कोटातील सुलतानी अमलाचे दिवाणखाने यांना त्या स्मरणात अजून जागा मिळालेली नाही.

मुदखेडास राहणाऱ्याला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरून आदिलाबादेकडे जाणारा फाटा याच स्थानकातून फुटतो, तेलंगणातून हुजूर साहिबाच्या दर्शनास निघालेला भाविक येथूनच नांदेडास जातो, आणि माहूरच्या रेणुकेला जाणारी मंडळी किनवटच्या गाडीची वाट पाहत याच फलाटावर बसतात. गाडीतून उतरणाऱ्या या अगणित माणसांपैकी कंधारचा रस्ता विचारणारा मात्र विरळा. हा दोष त्या माणसांचा नव्हे. कंधारास काही पाहण्यासारखे आहे हे त्यांना आजवर आम्हीच सांगितलेले नाही.

या प्रश्नाला हात घालताना मला एका अगदी दूरच्या राजवाड्याची आठवण होते, व ती अस्थानी नाही. कॅरिबियन समुद्रातील हैती देशाच्या उत्तर भागात, काप-हैतियाँ या बंदरापासून काही कोसांवर, मिलो नावाच्या गावी सां-सूसी हा राजवाडा डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे. फ्रेंच मळेवाल्यांच्या गुलामगिरीतून सशस्त्र उठावाने मुक्त होऊन १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला, आणि त्या युद्धात सेनापती म्हणून नावारूपास आलेल्या आंरी क्रिस्तोफ या कृष्णवर्णी पुरुषाने १८११ मध्ये उत्तर हैतीत स्वतःला राज्याभिषेक करविला. त्याने १८१० ते १८१३ या अवधीत हा राजवाडा बांधला. आणि त्याच्या माथ्यावर, सुमारे नऊशे मीटर उंचीच्या शिखरावर, सितादेल हा प्रचंड गड उभारला, तो फ्रेंच परत आले तर त्यांना तोंड देता यावे म्हणून. राजवाड्याभोवती मुद्रणालय, शाळा, रुग्णालय, बराकी आणि बागा होत्या, आणि डोंगरातील पाणी पाटाने आणून फरशीखालून खेळविल्यामुळे दालने थंड राहत असत. हे वैभव दहा वर्षेही टिकले नाही. अर्धांगवायूने खिळलेल्या या राजाने आपल्याविरुद्ध बंड झाल्याचे ऐकून ८ ऑक्टोबर १८२० रोजी याच वाड्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली, लुटालूट झाली, आणि ७ मे १८४२ च्या भूकंपाने उरलासुरला वाडा कोसळला. तेव्हापासून आजतागायत तो भग्नावस्थेतच आहे: छप्पर नाही, कमानींतून आभाळ दिसते, आणि दुहेरी जिना तेवढा अजून राजाची वाट अडवून बसल्यासारखा समोर येतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या भग्न वास्तूची डागडुजी केली गेली, पुनर्बांधणी केली गेली नाही. आणि १९८२ मध्ये, ज्या वर्षी आमचा लातूर जिल्हा उस्मानाबादेपासून वेगळा निघाला त्याच वर्षी, युनेस्कोने तो वाडा, वरचा गड आणि रामिये येथील अवशेष यांना मिळून जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यामागील कारण वास्तुसौंदर्य नव्हते; युरोपात त्याहून देखणे वाडे शेकड्यांनी आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी उभारलेले पहिले स्मारक हे त्याचे महत्त्व मानले गेले. राजाचे वंशज राज्यावर नाहीत, राजसत्ताही उरली नाही. पण हैतीच्या शंभर गुर्दांच्या नोटेवर आजही त्या राजाचे चित्र आणि त्याचा गड आहे. वारसदार नसलेल्या वाड्याला एका राष्ट्राने वारस दिला तो असा.

आमच्या वाड्यांना असा वारस का मिळाला नाही, याचे उत्तर त्यांच्या इतिहासाच्या गुंतागुंतीत आहे. कंधारच घ्या. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (९३९–९६७) स्वतःला कंधारपुराचा स्वामी म्हणवीत असे, आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या बिरुदावलीत येणारे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे विद्वानांचे मत आहे. म्हणजे ज्यांनी वेरूळचे कैलास कोरविले त्या राजांच्या अभिमानाची दोन्ही नगरे या एवढ्याशा टापूत आली. गावाजवळ जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव आहे. क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे पाऊल आणि इतर अवयव येथे सापडले असून, संपूर्ण मूर्ती पन्नास-साठ फुटांची असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या पावलाशेजारी उभे राहिलेल्या माणसाला आपली उंची केवढी हे नव्याने मोजावे लागते. पुढे यादव गेले, दिल्लीची तुघलकी सत्ता आली, बहामनी आली, निजामशाही आली, मोगल आले, अखेरीस आसफजाही आली, आणि प्रत्येकाने खंदक, तट, बुरूज, मशीद वा महाल यांपैकी काही ना काही भर टाकली. म्हणून आजचा कंधारचा किल्ला पाहताना खंदक ओलांडून आत गेलेल्या माणसाला अरबी-फारसी शिलालेखांच्या जवळच जैन व शैव मूर्ती ओळीने मांडून ठेवलेल्या दिसतात, आणि पलीकडे लालमहाल, राणीमहाल, अंबरखाना अशा नावांनी गावकरी दाखवितात त्या इमारती. त्या इमारतींना राजवाडा म्हणावे तर कोणत्या राजाचा, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. राष्ट्रकूटांचा अभिमान बाळगणारा मूर्तींजवळ थबकतो आणि महालाकडे पाठ फिरवितो. हाजी सय्याहांच्या दर्ग्यावर येणारा भाविक दर्ग्यावरूनच परततो. महालात जातात त्या गावच्या शेळ्या.

औशाचा किल्ला लातूरपासून वीसएक किलोमीटरवर आहे आणि त्याची जागा निवडणाऱ्याची बुद्धी वाखाणण्यासारखी आहे, कारण तो चहूबाजूंच्या उंचवट्यांमध्ये खोलगट जागी बसविलेला असल्यामुळे, आतल्या उंच बुरुजावरून चालून येणारी फौज दूरवर दिसते, पण बाहेरून पाहणाऱ्यास मात्र किल्ल्याचा पुष्कळसा भाग दिसतच नाही. या किल्ल्यात जवळजवळ मध्यभागी जमिनीखाली एक इमारत आहे, जिचे छत हाच वरच्या मोठ्या हौदाचा तळ आहे. हौद सुमारे शहात्तर फूट लांब व पन्नास फूट रुंद. वर पाणी, खाली दालन. मराठवाड्याचा वैशाख ज्याने भोगला आहे त्याला या योजनेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. सां-सूसीच्या फरशीखालून पाणी वाहविणारा कारागीर आणि औशाच्या छपरावर पाणी साठविणारा कारागीर यांना एकमेकांचा पत्ता असणे शक्य नव्हते. उन्हाने दोघांनाही सारख्याच वाटेला लावले. या एका दालनासाठी औशास जावे असे मी निःशंकपणे म्हणेन. छत गळत नाही म्हणजे चुन्याचे काम कसे होते, पाणी कोठून येई व कोठे जाई, हे जर कोणी जागेवर उभे राहून दोन चित्रांच्या साह्याने समजावून सांगितले, तर त्या एका खोलीत तासभर सहज जाईल.

याच जातीचे, पण अधिक देखणे उदाहरण आमच्या शेजारी आहे, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय या विषयाचा आढावा पुरा होणार नाही. नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच घडविलेला आहे. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे भिंतीवरून कोसळू लागले म्हणजे आतल्या सज्जात बसलेला माणूस पाण्याच्या पडद्यामागून नदी पाहतो आणि त्याच्या अंगावर थेंब येत नाही. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी या किल्ल्यातच राहत असे व त्याने आपल्या आत्मवृत्तात या मुलुखाविषयी आपुलकीने लिहिले आहे. गेल्या दशकात राज्यशासनाच्या महाराष्ट्र वैभव संगोपन योजनेखाली या किल्ल्याची देखभाल खाजगी संस्थेकडे दिली गेली, वाटा झाल्या, बाग झाली, आणि पावसाळ्यातील रविवारी तेथे जत्रा भरू लागली. या व्यवस्थेवर टीका करणारेही आहेत, आणि त्यांच्या टीकेत तथ्य नाही असे नाही, कारण बागेतील रोषणाई व कारंजी यांच्या नादात किल्ला हा केवळ पार्श्वभूमीचा पडदा होऊन बसण्याचा धोका असतोच. तरीही ज्या जागी पूर्वी काट्याकुट्यांतून वाट काढावी लागे तेथे आज आज्या-नातवंडे सहज फिरतात, हे दुसऱ्या पारड्यात टाकले पाहिजे.

उदगीरची कथा याहून निराळी, कारण उदगीरला एक मराठी विजय आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औशाच्या टापूत निजामाच्या फौजेचा पराभव केला, इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने त्या दिवशी मोठी कामगिरी बजावली, आणि त्यानंतरच्या तहात साठ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांस मिळाला. तेथून भाऊ परतुरास गेले व परतुराहून पानिपताच्या वाटेस लागले. या एका घटनेमुळे उदगीरचे नाव प्रत्येक मराठी पाठ्यपुस्तकात आहे. परंतु युद्धाचे नाव राहिले आणि वाडा विसरला गेला. चाळीस फूट खोल खंदकाच्या आतील त्या किल्ल्यात महाल आहेत, दरबाराच्या इमारती आहेत, आणि जमिनीच्या पातळीपासून कितीतरी खाली उदयगीर महाराजांची समाधी आहे, जिच्यावर गावाची आजही श्रद्धा आहे. म्हणजे वरती बरीदशाही, मोगली व आसफजाही दरबार आणि खाली एका तपस्व्याचे स्थान, अशी ही दुमजली स्मृती आहे. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले, तेव्हा सारस्वतांची गर्दी गावात लोटली होती. त्या गर्दीतील किती जण समाधीशी नतमस्तक होऊन वरच्या दरबारापर्यंत चढले असतील, याविषयी माझे मन फारसे आशावादी नाही.

माहूरचा मोठा किल्ला, राजे उदारामाचे घराणे आणि त्या घराण्यातील रायबागन ही मानी स्त्री, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; तेथे रेणुकामातेमुळे माणसांचा ओघ अखंड आहे, म्हणून आमच्या प्रश्नाची धार तेथे बोथट होते. नांदेडचा नंदगिरी किल्ला गोदावरीच्या काठी आहे, पण शहराने त्याला वेढून टाकले आहे.

आता वारशाच्या याद्यांकडे पाहू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील, एक तामिळनाडूतील जिंजी. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या त्या यादीत मराठवाड्यातील एकही नाव नाही, आणि यादीचा विषय ध्यानात घेता नसणेही योग्यच आहे. दुसरीकडे, दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या वास्तूंचा एक प्रस्ताव २०१४ पासून संभाव्य यादीत आहे. त्यात गुलबर्गा, बिदर, विजापूर व गोवळकोंडा आहेत. उदगीर बिदरपासून फार दूर नाही, बरीदशाहीच्या काळी ते बिदरच्याच सत्तेखाली होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच मोडत असे. भाषावार सीमा आखली गेली तेव्हा बिदरचे रंगीन महाल व तख्तमहाल म्हैसुरात गेले आणि उदगीर मुंबई राज्यात आले. भाषेच्या न्यायाने ते अगदी रास्त झाले, आम्ही त्यासाठी लढलोही. परंतु वास्तूंच्या दप्तराची विभागणी मात्र अशी झाली की एका बाजूच्या यादीत उदगीर मराठ्यांचे नाही म्हणून नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या यादीत ते महाराष्ट्रात आहे म्हणून नाही. आमच्या महालांच्या उपेक्षेचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते. पैशाचे दुर्भिक्ष, रस्त्यांची दुर्दशा आणि खात्याची कुचराई ही कारणे खोटी नाहीत, पण ती त्याच्यामागून येतात. ज्या वास्तूची कथा सांगणारा कोणी नाही तिच्यासाठी पैसा मागणाराही कोणी उरत नाही.

निजामी राजवटीत तरी काय झाले, असे कोणी विचारील. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये स्थापन झाले, गुलाम याजदानी हे त्याचे पहिले संचालक, आणि त्यांची विद्वत्ता व निष्ठा यांविषयी दुमत नाही. अजिंठ्याच्या चित्रांसाठी त्यांनी इटलीहून तज्ज्ञ आणविले, बिदरवर मोठा ग्रंथ लिहिला, फसली १३३७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदाही झाला. पण अजिंठा, वेरूळ, बिदर यांच्या तेजापुढे कंधार-औशासारख्या दुय्यम ठाण्यांकडे लक्ष गेले ते जेमतेम. १९४८ नंतर तर निजामी अमलाशी संबंध असलेल्या प्रत्येक भिंतीकडे लोक काहीशा रागाने पाहू लागले, आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी ताज्या असताना तसे होणे स्वाभाविकही होते. या मुलुखाचा इतिहास फारसी कागदांतून काढून मराठीत आणण्याचे फार मोठे काम निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी केले. त्यांच्यासारखा, दोन्ही बाजूंच्या कागदांवर सारखाच अधिकार असलेला मनुष्य वास्तूंच्या बाबतीत आम्हाला लाभला असता तर आजचे चित्र वेगळे दिसले असते.

कथा नाही असे मी म्हणालो, पण ती शोधली तर सापडते, आणि येथे हैतीशी असलेले साम्य अधिक खोल जाते. ज्याच्या हाती आल्यावर औशाचे नाव काही काळ अंबरपूर झाले तो मलिक अंबर हबशाणात जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, निजामशाहीचा पेशवा चंगेझखान, जो स्वतःच हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले, आणि अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर याच माणसाने परांड्यास निजामशहाचा वारस गादीवर बसवून बुडते राज्य पंचवीस वर्षे तरते ठेवले. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ मोगल सेनापती खान-इ-खानानच्या पुत्राशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, जिचे पुढे औरंगाबाद झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३६ मध्ये, शहाजहानच्या फौजांनी उदगीर घेतले तेव्हाही तेथील किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हा हबशीच होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या माणसांनी राज्ये राखली, नगरे वसविली, किल्ले लढविले, ही गोष्ट क्रिस्तोफच्या आधी दोनशे वर्षे आमच्या मराठवाड्यात घडून गेली आहे. हैतीने त्या गोष्टीचे भांडवल केले, आम्ही ती गोष्ट मलिक अंबरच्या पाण्याच्या नहरींवरील एका परिच्छेदात गुंडाळली.

अर्थात भांडवल करताना सावध राहिले पाहिजे. स्वातंत्र्याचे स्मारक म्हणून मिरविला जाणारा सितादेल बांधण्यासाठी क्रिस्तोफने नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना पुन्हा सक्तीने राबविले, वीस हजारांपर्यंत माणसे त्या कामावर होती असे सांगतात, आणि त्यांच्यापैकी कित्येक त्या डोंगरावर मेली. एमे सेझेर या कवीने १९६३ मध्ये या राजावर नाटक लिहिले ते शोकांतिका म्हणून लिहिले, पोवाडा म्हणून नाही. आमच्या खंदकांतील दगडही कोणी हौसेने वाहिलेला नाही; परगण्यांच्या वेठीने तो वाहिला गेला. महाल दाखविताना राणीची कथा सांगणाऱ्याने वेठबिगाऱ्याचीही सांगावी, म्हणजे प्रवाशाला खरा इतिहास मिळेल.

जतन कसे करावयाचे, या प्रश्नावर तीन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पूर्ववत बांधा. दुसरा म्हणतो, आहे तसे राहू द्या. तिसरा म्हणतो, उपाहारगृह वा अतिथिगृह करून वापरात आणा. तिसऱ्या पक्षाचे आवडते उदाहरण सावंतवाडीचे, जेथे राजघराण्याने स्वतःच्या वाड्यात पाहुण्यांची सोय केली व गंजिफाची कला जिवंत ठेवली. पण तेथे घराणे आहे, छप्पर शाबूत आहे, आणि वाडा कधी ओस पडलेलाच नाही. कंधारला यांपैकी काहीच नाही. पहिल्या पक्षाचे म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण ज्या महालाचे मूळ रूप कोणत्याही चित्रात वा नकाशात उरलेले नाही त्याची पुनर्बांधणी म्हणजे कंत्राटदाराच्या कल्पनेला दगडाचे रूप देणे होय. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला; त्याची जोती, तट आणि दिल्ली दरवाजा तेवढे उरले, आणि तेवढ्यावर आजही पुण्यात त्याच्याइतकी गर्दी दुसऱ्या वास्तूला क्वचितच होते. भग्नता ही लाजिरवाणी गोष्ट नाही.

मात्र आहे तसे राहू द्या याचा अर्थ काहीच करू नका असा घेतला तर दहा-वीस वर्षांत आहे तेही राहणार नाही. महाल मरतो तो बहुधा छपरावरून. चुनेगच्चीला केसाएवढी भेग पडते, पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी त्या भेगेत रुजते, पहिल्या पावसाळ्यात दोन पाने दिसतात, पाचव्या पावसाळ्यात मूळ कमानीच्या सांध्यात शिरते, आणि मग एके रात्री कमानीचा मधला दगड निसटतो. वेळीच पाहिले तर ते रोप दोन बोटांनी उपटता येते. उशिरा पाहिले तर मूळ मारण्यासाठी औषध, टेकू आणि अंदाजपत्रक लागते. भेग बुजविताना सिमेंट थापणे हा दुसरा घात. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. आत शिरलेली ओल त्यामागे कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी, ही जुनी रीत जाणणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत. पण पूर्ण नाहीसे झालेले नाहीत, आणि त्यांच्या हाताखाली चार पोरे तयार करण्यास महालाच्या जीर्णोद्धाराइतका खर्च येत नाही. तिसरा घात माणसांचा. गढीची पांढरी माती माळवदावर घालण्यासाठी उकरून नेणे, तटाचे घडीव दगड गोठ्याच्या जोत्याला लावणे, या गोष्टी मराठवाड्यातील प्रत्येक गावाने पिढ्यान्‌पिढ्या केल्या आहेत. त्यांत पाप कोणी मानले नाही.

या बाबतीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचाही विचार केला पाहिजे. किल्लारी हे औसा तालुक्यातील गाव. त्या पहाटेच्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे मेली, आणि ती मेली मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून. त्यानंतर या पट्ट्यातील माणसाच्या मनात जुन्या दगडी भिंतीची जी धास्ती बसली ती तीस वर्षांनंतरही पुरती गेलेली नाही. जुना वाडा पाडून सिमेंटचे घर बांधणे हे त्याला शहाणपणाचे आणि सुरक्षिततेचे वाटते, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार दूर बसून वारशाच्या गप्पा मारणाऱ्यांना नाही. सां-सूसीही भूकंपानेच पाडला. फरक इतकाच की तेथील भूकंपाला पावणेदोनशे वर्षे लोटली आहेत, आमचा भूकंप अजून जिवंत माणसांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून औशाच्या किल्ल्यात प्रवाशांना नेण्याआधी तेथील कमानी कितपत भक्कम आहेत याची तज्ज्ञांकडून तपासणी करून ती गावासमोर मांडणे हे केवळ तांत्रिक काम नव्हे. लोकांचा दगडावरचा विश्वास परत मिळविण्याचे ते काम आहे.

राहता राहिला पर्यटनाचा प्रश्न. हैतीच्या त्याच उत्तर किनाऱ्यावर लाबादी नावाचा एक समुद्रतट आहे, जो १९८६ पासून एका परदेशी जहाज कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेला आहे. तेथे आलिशान जहाजांतून हजारो प्रवासी उतरत, कुंपणाच्या आत पोहत, जेवत आणि संध्याकाळी जहाजावर परतत. काही कोसांवरचा जागतिक वारसा पाहण्यास त्यांतील फारच थोडे जात. पुढे देशातील अराजकाने ते येणेही मंदावले. यादीत नाव, नोटेवर चित्र, किनाऱ्यावर गर्दी, आणि तरीही राजवाडा एकाकी, याची दोन कारणे आहेत: गर्दीचे ठिकाण व वारशाचे ठिकाण यांना जोडणारी सोय नाही, आणि राज्यात स्वस्थता नाही. दुसरे कारण आमच्याकडे नाही. पहिले मात्र तंतोतंत आहे. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधविलेल्या हुजूर साहिबास देशोदेशीचे शीख येतात. गुरू गोविंदसिंगांच्या निर्वाणाला व गुरू ग्रंथसाहिबाच्या गुर्ता-गद्दीला २००८ मध्ये तीनशे वर्षे झाली तेव्हा नांदेडचे रस्ते, घाट आणि पूल यांवर मोठा निधी खर्च झाला. त्या निधीचा ओघ शहराच्या हद्दीबाहेर कंधारच्या दिशेने वळला नाही. दोन-तीन दिवस राहण्याच्या तयारीने आलेल्या यात्रेकरूस पन्नासएक किलोमीटरवरचा किल्ला अर्ध्या दिवसात पाहून संध्याकाळच्या अरदासला परतता येते, एवढी साधी माहिती यात्रीनिवासाच्या भिंतीवर गुरुमुखी, देवनागरी व तेलुगू लिपीत लावण्यास किती खर्च येतो?

मोठमोठ्या आराखड्यांवर माझा भरवसा नाही. ध्वनिप्रकाशाचे खेळ, रोपवे, संग्रहालयाची काचेची इमारत या गोष्टी एकदा झाल्या की त्यांच्या दुरुस्तीचा खर्च महालाच्या दुरुस्तीवर मात करतो. कंधारला आधी हव्या आहेत त्या गोष्टी साध्या आहेत: उघड्यावर ठेवलेल्या मूर्तींवर छप्पर, प्रत्येक शिलालेखाखाली त्याचे मराठी भाषांतर, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, आणि गावातीलच चार तरुण-तरुणी, ज्यांना राष्ट्रकूटांपासून आसफजाहीपर्यंतची कथा कोणाचाही पक्ष न घेता सांगता येईल आणि ज्यांना त्याबद्दल नियमित मेहनताना मिळेल. उदगीरला समाधीचे दर्शन घेऊन आलेल्या माणसाला दरबारापर्यंत नेणारी सुरक्षित वाट हवी. औशाला ते पाण्याखालचे दालन जागेवर समजावून सांगणारा कोणी हवा. कंधार, उदगीर, औसा आणि नळदुर्ग ही चार ठाणी एका ओळीत घेऊन नांदेडहून निघालेला प्रवासी तिसऱ्या दिवशी सोलापूरला गाडी धरू शकतो, आणि या वाटेवर त्याला मोगल, मराठे, हबशी, राष्ट्रकूट, सूफी आणि संन्यासी असे सारे भेटतात. असा मार्ग महाराष्ट्रात दुसरा आहे असे मला वाटत नाही.

वाचकांपैकी ज्यांना हे पाहण्याची इच्छा असेल त्यांनी पावसाळ्यात जाऊ नये. गवत वाळून तट मोकळे झाल्यावर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत केव्हाही जावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी, आणि भिंतीवर कोळशाने स्वतःचे नाव लिहू नये. जाऊन आल्यावर कोणत्या महालाच्या कोणत्या कमानीवर पिंपळ उगवला आहे एवढेच एका पोस्टकार्डावर लिहून पुरातत्त्व खात्यास कळवावे. आणि उत्तर आले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन, पिंपळ केवढा वाढला ते दुसऱ्या कार्डावर लिहावे.